हर्षूच्या घशाचा कागद

नेरुळ, १० नोव्हेंबर १९९६

ताई,

'तीर्थरूप' वगैरे लिहीत नाही, ऐकताना तू हसशील. हर्षूला म्हणावं, खिडकीशी बस आणि मोठ्याने वाच. अडलं तर सोडून पुढे जा. मावशीचं अक्षर माशाच्या काट्यासारखं आहे हे तिला ठाऊकच आहे.

चौदा महिन्यांनी लिहिते आहे. गंमत बघ, आमच्या लॅबच्या गच्चीवरून आपल्या दिवाळे गावच्या होड्या दिसतात. या दिवसांत सकाळी खाडीवर धुकं असतं आणि होड्या पाण्यावर नाही, धुक्यावरच ठेवल्यासारख्या वाटतात. चालत आले तर वीस मिनिटं. आणि मी टाकते आहे पत्र, जे कुठे कुठे हिंडून चार दिवसांनी तुझ्या दारात येणार. उंटावरून शेळ्या हाकायची माझी खोड तुला नवी नाही.

विमलबाई अजून आमच्या कोपऱ्यावर टोपली घेऊन बसते. काल कोलंबी सोलता सोलता सहज म्हणाली, तुझ्या बहिणीने, भागीरथीने, पोरीची सुई बंद केली. कधीपासून, म्हटलं. म्हणाली, गणपतीनंतर. म्हणजे दोन सुया चुकल्या आणि तिसरीची वेळ आली. मी कोलंबी तिथेच विसरून लॅबमध्ये परत आले.

ताई, ती सुई दर एकवीस दिवसांनी घ्यायचीच आहे. हर्षू मोठी होईपर्यंत, कदाचित त्यापुढेही. दुखते, पोर दोन दिवस लंगडते, मला कळतं. पण तिच्या हृदयाची एक झडप गेल्या वर्षीच्या दुखण्यात दुखावली आहे. घशात तो जंतू पुन्हा शिरला तर झडप आणखी बिघडेल, आणि दर वेळी थोडी थोडी बिघडत जाईल. सुई त्याला दाराबाहेर ठेवते. बाकी ती काही करत नाही, पण एवढं पुरे आहे.

विमलबाईने कारणही सांगितलं. नव्या दवाखान्यात तू सगळे कागद नेलेस, त्यात गेल्या वर्षीचा, हर्षूच्या घशाच्या तपासणीचा माझा कागद निघाला आणि तिथे कुणीतरी तो वाचला. घशात रोगाचा जंतू आढळला नाही. तू विचारलंस, जंतू नव्हता तर सुई कशाला? त्यांना समजावायला वेळ नसेल. तू पोरीचा हात धरलास आणि घरी आलीस.

तुझा माझ्यावर राग आहे, पण माझ्या कागदावर विश्वास आहे. हे मला कसं सोसवतं ते माझं मला माहीत.

तो कागद बाजूला ठेव. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी हर्षूची छाती ऐकली होती, त्यांचं ऐक आणि सुई सुरू कर.

नमी


नेरुळ, २४ नोव्हेंबर १९९६

ताई,

तुझा निरोप पोचला. विमलबाईने शब्दाला शब्द सांगितला, हातवाऱ्यांसकट. "तिला सांग, कागद तिचा हाय, सही तिची हाय. तवा खरा होता, त आता खोटा कसा झाला?"

तू शाळेत गेली नाहीस. टोपली घेऊन बेलापूरभर फिरलीस आणि मला कॉलेजात पाठवलंस. तू शिकली असतीस तर माझी काही धडगत नव्हती.

बरं, पहिल्यापासून सांगते. हर्षू, हे तुझ्यासाठीही आहे. तू पाचवीत आहेस, तुला समजेल.

माणसाला आजारी पाडणारे जंतू मुख्यतः दोन जातींचे धर. एक जिवाणू, दुसरा विषाणू. जिवाणू म्हणजे पुरता संसारी प्राणी. एवढासा, पण स्वतःची चूल, स्वतःचं भांडं घेऊन आलेला. जागा मिळाली की आपलं आपण खातो, एकाचे दोन होतो, दोनाचे चार. सगळे वाईट नसतात. दही लावते ना आई, ते त्यांचंच काम. पण टायफॉईड, टीबी, घटसर्प हे त्यांच्यातल्या गुंडांचे उद्योग. औषधाने ते मरतात, कारण औषध नेमकी त्यांची चूल विझवतं.

विषाणूला चूलच नसते. तो जिवाणूपेक्षा कितीतरी लहान, आमच्या लॅबच्या सूक्ष्मदर्शकातसुद्धा दिसत नाही. खरं तर तो एक चिठ्ठी आहे, पाकिटात घातलेली. बाहेर पडून राहिली तर निर्जीव. कुणाच्या घरात शिरून उघडली गेली, की ते घर आपली कामं टाकून त्या चिठ्ठीच्या नकला करत बसतं. सर्दी, गोवर, कांजिण्या, कावीळ ही अशी येतात. तिथे आपली नेहमीची कॅप्सूल काही कामाची नाही. चूलच नाही तर विझवणार काय? बहुतेक वेळा शरीरच ते घर आवरून घेतं. आपण थांबायचं.

आणि आपल्याकडे थांबणं सगळ्यांना येतं. हर्षूला गोवर आला तेव्हा तुझ्या सासूबाईंनी, सुमित्राबाईंनी, दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला होता. घरात फोडणी बंद, मासळी तळणं बंद, औषधाचं नाव नाही. बाय, म्हणजे देवी, पाहुणी आली आहे, तिचा मान ठेवायचा, मग ओटी भरून निरोप द्यायचा. मी तेव्हा म्हटलं होतं, सुमित्राबाई, तुमचं बरोबर आहे, विषाणू म्हणजे पाहुणीच. त्या इतक्या खूश झाल्या की आठवडाभर मला 'डॉक्टरीन' म्हणत होत्या.

मी तरी किती मिरवायची. तू प्रत्येक तापाला दुकानातून एक कॅप्सूल आणायचीस आणि मी तुला प्रत्येक वेळी बोलायची. म्हणून गेल्या वर्षी आषाढात हर्षूचा घसा धरला, ताप चढला, तेव्हा तू कॅप्सूल आणली नाहीस. माझी वाट बघितलीस. मी घशात कापूस फिरवला, लॅबमध्ये नेऊन रक्ताच्या प्लेटवर लावला. लाल गोल बशी असते ती. घशातला तो गुंड असेल तर दुसऱ्या दिवशी त्याचे ठिपके उगवतात आणि प्रत्येक ठिपक्याभोवती लाल रंग विरून स्वच्छ गोल पडतो, चंद्राला खळं पडतं तसं. काहीच उगवलं नाही. मी कागद लिहिला, घरी आले आणि म्हणाले, "पाहुणी आहे ताई. आठ दिवसांत जाईल."

सुमित्राबाईंनी डहाळा बांधला. ताप गेलाही. तीन आठवड्यांनी हर्षूचा गुडघा सुजला, मग तो उतरून घोटा सुजला, मग मनगट. जंतूशी लढायला शिकलेलं शरीर चुकून स्वतःच्या सांध्यांवर आणि काळजावर उठलं होतं. पुढचं तुला माहीत आहे.

त्या प्लेटबद्दल एवढंच सांगते की ती बरेच दिवस ठेवलेली होती. जुन्या प्लेटवर कधी कधी उगवत नाही. म्हणून कागद चुकला.

मला हल्ली एकच स्वप्न पडतं. खाडीला भरती आलेली, पाणी लाल आणि थिजलेलं, वर धुकं. हर्षू त्यावरून अनवाणी चालत दिवाळ्याकडे निघालेली. तिच्या पावलापावलाखाली स्वच्छ गोल उमटायला हवेत, मी वाकून वाकून बघते, आणि एकही उमटत नाही. कोरडा लाल रस्ता मागे राहतो. मी हाक मारत नाही. स्वप्नातसुद्धा मारत नाही.

सुई घ्या ग. एवढं ऐका.

नमी


नेरुळ, ८ डिसेंबर १९९६

ताई, आणि हर्षू,

परवा विमलबाई म्हणाली, हर्षूला बरं नाही, घसा धरलाय. मी अंगावरचा पांढरा कोटही न काढता निघाले. दिवाळ्याच्या वेशीपर्यंत आले. वाळत घातलेल्या बोंबलांच्या दोऱ्यांमागे तू दिसलीस, पाठमोरी, आणि ओट्यावर हर्षू. ती शिंकत होती. नाक गळत होतं, खोकत होती. जीव भांड्यात पडला. सर्दी होती ती, विषाणूची. शिंका आणि वाहतं नाक हा त्या गुंडाचा स्वभाव नाही. तो येतो तेव्हा घसा एकाएकी धरतो, ताप येतो, गळ्याच्या गाठी सुजतात, आणि नाक कोरडं असतं. अर्थात नुसतं बघून खात्री धरता येत नाही, म्हणूनच तर प्लेट असते.

मी तिथून परत फिरले. तुला हाक मारली नाही. रस्ताभर मनात येत होतं, या वेळी सर्दी निघाली. पुढच्या वेळी सर्दी निघणार नाही. आणि त्या दिवशीही माझा कागद तुझ्या डब्यात असेल, जंतू नाही म्हणून सांगत.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. प्लेट जुनी नव्हती. आदल्याच दिवशी मी केलेली होती.

आता सांगते ते सावकाश वाच, हर्षू. आणि आधी हे ऐक. आई वाचत नाही, तू वाचून दाखवतेस. मी चौदा महिने लिहिलं नाही त्याचं कारण हेच आहे. ताईच्या रागाची भीती होतीच. पण जे मी केलं ते तुझ्या तोंडून तिला ऐकू जाणार, ही भीती त्याहून मोठी होती. दुसरा रस्ता असता तर तो घेतला असता. चालत वीस मिनिटांचा एक आहे, पण त्यावरून मी परवाच मागे फिरले.

रक्ताची प्लेट करायला खरं तर मेंढीचं रक्त लागतं. मोठ्या ठिकाणी तेच वापरतात. आमची लॅब लहान. रक्त आणून देणारा माणूस पावसात आठ आठ दिवस यायचा नाही. मग आम्ही एकमेकांच्या दंडाला पट्टी बांधायचो आणि स्वतःचंच थोडं रक्त काढून प्लेटमध्ये घालायचो. ही पद्धत चांगली नाही, पुस्तकात तसं लिहिलेलंही आहे, पण गरजेला सगळे करतात म्हणून आम्हीही करायचो. त्या आठवड्यात पाळी माझी होती.

आणि त्याच आठवड्यात माझी अक्कलदाढ दुखत होती. ताई, तुला आठवत असेल, तू मला मऊ भात कालवून द्यायचीस. दातांच्या डॉक्टरांनी कॅप्सूल दिली होती. दिवसातून तीनदा, पाच दिवस. जिवाणूंची चूल विझवणारी कॅप्सूल.

ती माझ्या रक्तात होती. तेच रक्त मी प्लेटमध्ये घातलं. हर्षूच्या घशातला जंतू मी त्यावर ठेवला, आणि माझ्या रक्तातल्या औषधाने तो तिथेच मारला. घशात मात्र तो जिवंत होता. मी रिकामी प्लेट उजेडात धरून बघितली आणि लिहिलं, आढळला नाही.

एक गोष्ट अजून आहे. ती प्लेट फारच रिकामी होती. घसा म्हणजे बाजार आहे, तिथे साधेसुधे, निरुपद्रवी जंतू नेहमी फिरत असतात, त्यांचीही गर्दी उगवायला हवी होती. चार-दोन ठिपके होते, बस. मला ते खटकलं होतं. क्षणभर थांबले होते मी. मग वाटलं, मी वर्षभर ताईला सांगते आहे की बहुतेक घसे विषाणूने धरतात, हे बघ, तसंच निघालं की नाही. मला बरोबर ठरायचं होतं. तुझ्या घशापेक्षा मला माझं बरोबर असणं मोठं वाटलं, हर्षू. अक्कलदाढ आली होती, अक्कल आली नव्हती.

इस्पितळात निदान झालं त्या संध्याकाळी लॅबमध्ये जाऊन मी वही उघडली. प्लेट केल्याची तारीख, पुढे लिहिलेलं: रक्त, नमिता. पर्समध्ये कॅप्सूलची रिकामी पट्टी सापडली. त्याच दिवशीची एक प्लेट फ्रिजमध्ये उरली होती. तिच्यावर मी मुद्दाम तोच जंतू लावला, दुसऱ्या रुग्णाचा, खात्रीचा. उगवला नाही. मेंढीच्या रक्तावर तोच दुसऱ्या दिवशी खळी पाडून बसला होता.

ताई, इस्पितळाच्या जिन्यात तू मला एकदाच विचारलंस, "नमे, तुज्या कागदावर काय नव्हता ना?" मी म्हटलं, नव्हतं. कागदावर खरंच नव्हतं. त्यानंतर तुझ्या हातचं जेवण मला गिळवेना. मी लॅबजवळ राहायला हवं असं काहीतरी कारण काढून नेरुळला खोली घेतली. पोर आजारी पडली आणि मावशी पळाली, असं तू म्हणालीस ते मला कळलं. तू कमीच म्हणालीस. मी का पळाले ते तुला ठाऊक नव्हतं.

हा कागद खोटा आहे. फाडून चुलीत घाल आणि सुई सुरू कर. मग मला काय हवं ते म्हण.

नमी


दिवाळे, २९ डिसेंबर १९९६

प्रिय मावशी,

शाळेत वर काय लिहायला शिकवलंय ते आता आठवत नाही. मी बरी आहे. तू पण बरी अस.

तुझं पत्र मी आधी मनात वाचलं. मग आई जाळं आवरून आली तेव्हा तिला वाचून दाखवलं. पण सगळं नाही वाचलं. दाढेचं आणि रक्ताचं वाचलं नाही. आई तुझ्यावर अजून रागावली असती आणि मग तू कधीच आली नसतीस.

मी म्हटलं, मावशी लिहिते की लॅबमध्ये दोन मुलींचे कागद बदलले. माझा तिच्याकडे गेला आणि तिचा आपल्याकडे आला. हे मी मनाने सांगितलं.

आईने डब्यातून तो कागद काढून बघितला. मग म्हणाली, "मंग त्या दुसऱ्या पोरीचा काय झाला असंल गो?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो आणि मी सुई घेतली. रडले नाही. थोडी रडले. आता पुढची एकवीस दिवसांनी, मी कॅलेंडरवर गोल केला आहे. कागद आईने फाडला नाही. ती म्हणते तो त्या मुलीचा आहे, तिला द्यायचा असेल. डब्यात ठेवला आहे.

आई रोज संध्याकाळी एकवीरेच्या फोटोसमोर आता दोन दिवे लावते. एक माझा. एक त्या मुलीचा. आजी विचारते, ती कोण. आई सांगते, नाव माहीत नाही, पण पोर कुणाची तरी असेलच ना.

मावशी, मला हे बघून पोटात कसंतरी होतं. मी खोटं बोलले म्हणून असेल का? का तो पण जंतू असतो?

तुझी हर्षू


नेरुळ, १२ जानेवारी १९९७

ताई,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. दिवाळ्याला येऊन मीच तुला वाचून दाखवणार आहे. हर्षू शेजारी बसेल, पण वाचणार नाही. दहा वर्षांच्या मुलीने वाचू नये ते तिने वाचलं आणि सांगू नये ते पोटात ठेवलं. माझं ओझं तिने उचललं आणि वर मला बरी अस म्हणाली.

तिचं पत्र आल्यापासून लिहायला बसते आणि उठते. सुई सुरू झाली हे वाचून मी रडले, ते समाधानाने. मला जे हवं होतं ते झालं. आता गप्प बसायलाही हरकत नव्हती. तू माझ्याशी बोलली असतीस. संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन आले असते, तू म्हणाली असतीस, झालं गेलं, कागद बदलले त्याला तू काय करणार. मऊ भात कालवला असतास. मनात मी ते सगळं अनेकदा बघितलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर पौर्णिमाच पडली होती.

मग रोज संध्याकाळी लॅबच्या गच्चीवर जाऊ लागले. धुकं उतरायच्या आत दिवाळ्याचे दिवे लागतात. तुझं घर तिथून वेगळं काढता येत नाही, सगळे उजेड एकमेकांत विरघळलेले असतात. तरी मला त्यातले दोन दिवे दिसतात असं वाटतं, जवळजवळ ठेवलेले. एक लहान, एक त्याहून लहान.

स्वप्न अजून पडतं. पण काल त्यात मी हाक मारली. हर्षू थांबली, मागे वळली. मी तिच्याकडे चालू लागले, त्याच थिजलेल्या लाल पाण्यावरून, आणि खाली बघितलं तर माझ्या पावलांखाली ते स्वच्छ गोल उमटत होते. जाग आली तेव्हा सकाळ झाली होती आणि खिडकीबाहेर धुकं होतं. मी तोंड धुतलं आणि हे लिहायला घेतलं.

हर्षू, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही, तो जंतू नाही. त्याला प्लेट नाही, सुई नाही, आणि थांबून तो जातही नाही. मी चौदा महिने थांबून बघितलं. तो फक्त सांगून टाकल्यावर जातो, आणि ज्याचा त्याने सांगायचा असतो. तू सांगू नकोस. मी आले आहे ना.

ताई, आता वर बघ. डबा उघड आणि तो कागद माझ्या हातात दे. दुसरा दिवा आजपासून लावू नकोस. ती दुसरी मुलगी कुठेच नाही. कागद बदलले नव्हते. कागद एकच होता, हर्षूचा, आणि त्यावर सही माझी आहे.